मैदान एक, पंगत वेगळी

तालमीच्या हौद्यातली माती शेतातून आणून ओतली की झालं, असं नसतं. ती आधी चाळायची, बारीक खडासुद्धा राहू द्यायचा नाही. मग तिच्यात हळद, लिंबाचा रस, ताक, तेल, कापूर घालून खोऱ्याने वरखाली करायची आणि मुरू द्यायची. पैलवान हौद्यात उतरताना वाकतो, चिमूटभर माती कपाळाला लावतो, भिंतीतल्या मारुतीला हात जोडतो आणि मगच शड्डू ठोकतो. चपला उंबऱ्याच्या अलीकडे. त्या मातीत कुणी थुंकत नाही, कुणाच्या तोंडून शिवी गेली तर वस्ताद कान पिळतात. हे सगळं मी लहानपणी कोल्हापुरात, आमच्या पेठेतल्या तालमीच्या उंबऱ्यावरून बघितलंय. आबा, म्हणजे माझे वडील, आत जोर मारत असायचे आणि मी त्यांच्या चपलांशेजारी बसलेली असायचे. आत पाऊल टाकायचं नाही हे मला कुणी दरडावून सांगितलं नव्हतं. वस्ताद मायेनेच म्हणायचे, "लेकी, तिथनंच बघ."

पुढे कॉलेजात समाजशास्त्र घेतलं आणि एमिल दुर्खीम वाचताना हा हौदा डोळ्यांपुढे उभा राहिला. या फ्रेंच अभ्यासकाचं म्हणणं असं, की धर्म ओळखायचा तर देवापासून सुरुवात करू नका, कारण देवाला केंद्रस्थानी न ठेवणारे धर्मही जगात आहेत. माणसं काही वस्तू, काही जागा, काही दिवस रोजच्या व्यवहारातून बाजूला काढतात, त्यांच्याभोवती नियम घालतात आणि ते नियम एकत्र पाळता पाळता एक समाज होतात. धर्माचं मूळ तिथे आहे. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी टोळ्यांबद्दलची वर्णनं अभ्यासून त्याने दाखवलं, की टोळी ज्या प्राण्याच्या किंवा वनस्पतीच्या चिन्हापुढे नतमस्तक होते, ते चिन्ह म्हणजे ती टोळीच असते. वर्षातला बराच काळ ही माणसं पांगलेली असतात. मग कधीतरी एकत्र येतात, नाचतात, ओरडतात, त्यांच्यात उधाण येतं, आणि त्या उधाणात प्रत्येकाला वाटतं की आपल्यापेक्षा मोठं काहीतरी आपल्या अंगात आलंय. ते खरंच आलेलं असतं, असं दुर्खीम म्हणतो. ती मोठी शक्ती म्हणजे स्वतः समाज.

त्याचा हा ग्रंथ १९१२ साली आला. त्याच साली कोल्हापुरात खासबागेचं कुस्ती मैदान बांधून पुरं झालं. १९०२ मध्ये शाहू महाराज युरोपला गेले होते, रोममधलं प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिलं आणि तसं मैदान आपल्या गावात हवं असं त्यांच्या मनाने घेतलं. मध्ये आखाडा, चहूबाजूंनी उतरत आलेली बैठक. कुठेही बसा, कुस्ती दिसणार. आणि कुस्तीइतकीच समोरची माणसंही दिसणार, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. देवळाच्या गाभाऱ्यात आपण रांगेने जातो आणि पुढच्याची पाठ बघतो. खासबागेत हजारो माणसं एकमेकांचे चेहरे बघत बसतात. निकाली डाव पडतो, पाठ मातीला लागते, हलगी कडाडते, आणि अख्खं मैदान एकाच क्षणी उठतं. आपण इतके आहोत, हे लोकांना त्या क्षणी स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

धर्म आणि खेळ यांची तुलना करणारे सहसा दोन वेगळ्या संस्था समोर ठेवतात आणि साम्यं मोजत जातात: यात्रा आणि सामना, संत आणि खेळाडू, पालखी आणि विजयाची मिरवणूक. १९५२ मध्ये खाशाबा जाधव हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले तेव्हा कराडकडच्या लोकांनी बैलगाड्या जुंपून त्यांची मिरवणूक काढली. ते दृश्य पालखीच्या फार लांबचं नव्हतं. साम्यांची ही यादी पुष्कळ लांबवता येईल. पण कोल्हापुरात अडचण अशी, की या दोन संस्था कधी नीट वेगळ्या झाल्याच नाहीत. तालीम मंडळ ही एकच वास्तू. तिथे पैलवान घडतो, तिथेच गणपती बसतो, शिवजयंतीची मिरवणूक तिथून निघते, आणि मोहरमला कित्येक तालमींत पंजे बसतात. तालमींची नावंच बघा: अवचित पीर, बाबूजमाल, बाराइमाम, खंडोबा. पंजाची सेवा करणाऱ्यांत हिंदू घराणी आहेत आणि त्यात नवल वाटण्यासारखं काही आहे असं पेठेत कुणाला वाटत नाही. मोहरम आणि गणेशोत्सव एकाच काळात आले त्या वर्षी एका मांडवाखाली दोन्ही बसवल्याचं इथल्या लोकांनी पाहिलंय. पलीकडे कुरुंदवाडला तर मशिदीत गणपती बसवण्याची रीत आहे.

याच तालमींनी पुढे फुटबॉलही उचलला. मुंबईपुण्याच्या लोकांना हे सांगावं लागतं, की कोल्हापूर क्रिकेटचं गाव नाही. इथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस अशी नावं घेतली की माणसाची पेठ, गल्ली आणि बऱ्याचदा मावळण कुठली तेही कळतं. इथे संघ निवडायचा नसतो. आडनाव जसं मिळतं तसा संघ मिळतो. लग्न करून मंगळवार पेठेतून शिवाजी पेठेत गेलेल्या माझ्या मैत्रिणीला सासरचं सगळं पचलं, स्वयंपाकातल्या मीठ-तिखटापासून कुलदैवतापर्यंत. पण दोन पेठांचा सामना असला की ती अजूनही आपल्या खोलीत जाऊन माहेरच्या संघासाठी हात जोडते. कुलदैवत बदलणं तिला सोपं गेलं, संघ बदलणं जमलं नाही, यावरून मी पुष्कळ विचार केलाय. देवाची निष्ठा घराण्याच्या व्यवहारात बसते, तडजोड करते. संघाची निष्ठा लहानपणीच्या गल्लीला चिकटलेली असते आणि गल्ली पुन्हा मिळत नाही.

शाहू स्टेडियममध्ये अंतिम सामना असतो त्या दिवशी पेठेत दुपारपासून काम होत नाही. हलगी, घुमकं, झेंडे, पिपाण्या. गोल झाला की ओळखीचापाळखीचा बघत नाहीत, शेजारी असेल त्याला मिठी मारतात. आमचे आबा घरात फार कमी बोलायचे. आम्हा भावंडांना जवळ घेणं त्यांना अवघड जायचं; त्या पिढीतल्या पुष्कळ वडिलांना जायचं. पण स्टेडियममध्ये मी त्यांना परक्या माणसाच्या गळ्यात पडून रडताना पाहिलंय. दुर्खीमने शेकडो पानं लिहून जे सांगितलं ते मला त्या दिवशी कळलं: गर्दीमुळे माणूस स्वतःला हरवतो असं आपण म्हणतो, पण आबांना त्या गर्दीत स्वतःचा एक बंद राहिलेला भाग सापडत होता. कीर्तनात, वारीत रडणारी माणसं मी पुढे बघितली तेव्हा मला आबांचाच चेहरा आठवला.

या उधाणाची दुसरी बाजू पेठेला चांगली ठाऊक आहे. सामना संपल्यावर दगड पडतात, पोलीस लाठ्या घेऊन धावतात, हंगाम मध्येच थांबवायची पाळी येते. 'आपण' तयार झाले की 'ते'ही तयार होतात. धर्माच्या बाबतीत हे सांगायची गरज नाही.

पण मला जे खुपतं ते या मारामारीपेक्षा खोल आहे, आणि त्यासाठी मुंबईला जावं लागेल.

१९१२ हेच साल पुन्हा घेऊ. मुंबईत पारशी, युरोपियन आणि हिंदू यांच्या क्रिकेट स्पर्धेत त्या वर्षी मुसलमानांचा संघ आला आणि ती चौरंगी झाली. १९३७ मध्ये 'उरलेल्यां'चा संघ घेऊन तिची पंचरंगी झाली. भारतीय ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध असे जे कुठल्याच खान्यात बसत नव्हते ते या पाचव्या संघात. धर्म आणि खेळ यांचं नातं इथे तुलनेपुरतं राहिलं नव्हतं, धर्माच्या नावानेच धावा मोजल्या जात होत्या. मरीन ड्राइव्हवर हिंदू, पारशी आणि इस्लाम जिमखाने आजही एकाच रस्त्यावर उभे आहेत. १९४३ च्या अंतिम सामन्यात ख्रिस्ती असलेल्या विजय हजाऱ्यांनी 'उरलेल्यां'कडून हिंदूंविरुद्ध संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने काढल्या. समोर त्यांचा भाऊ विवेक टिकून होता, दोघांनी ३०० धावांची भागी केली आणि त्यात विवेकच्या धावा होत्या २१. एका माणसाने एवढं करूनही सामना हिंदूंनीच जिंकला. १९४० मध्ये गांधीजींनी जातीय संघांच्या या क्रिकेटला जाहीर विरोध केला आणि १९४६ नंतर ही स्पर्धा बंद पडली. योग्य झालं असंच मला वाटतं, जरी तेव्हा वेगवेगळ्या धर्मांचे प्रेक्षक एकत्र बसून दुसऱ्यांच्या चांगल्या खेळालाही टाळ्या देत असल्याचं जुने लोक सांगत.

या सगळ्या काळात मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवतो तो पालवणकर बाळू. चर्मकार समाजातला, डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची निगा राखायच्या नोकरीवर होता आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचा. साहेबांना हरवायचं तर हा हवाच, हे पुण्यातल्या हिंदू संघाच्या लक्षात आलं आणि त्याला संघात घेतलं. मैदानावर तो आणि त्याचे सवर्ण सहकारी एकच चेंडू हाताळत होते. तोच चेंडू, तोच घाम. चहाच्या वेळेला मात्र त्याला तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून चहा दिला जाई. जेवायला वेगळी जागा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले, दौऱ्यातला तो सर्वांत यशस्वी गोलंदाज. पण हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधीच दिलं गेलं नाही. त्याच्या धाकट्या भावांनी अशाच भेदभावापायी १९२० मध्ये संघातून अंग काढून घेतलं, तेव्हा कुठे हालचाल सुरू झाली, आणि १९२३ मध्ये त्याचा भाऊ विठ्ठल कर्णधार झाला.

आता हे शेजारी ठेवून बघा. इरावती कर्वे वारीला गेल्या होत्या. त्यांनी लिहून ठेवलंय, की एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे एकत्र चालत, एकत्र अभंग म्हणत, आणि जेवणाची वेळ आली की वेगवेगळे बसत. त्यांना त्याचं दुःख झालं. चोखोबांचे अभंग ज्या दिंड्या गातात त्यांच्या पंढरपुरात चोखोबांची समाधी देवळाबाहेर, महाद्वाराशी आहे, आणि दलितांना आत जाता यावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावं लागलं.

धर्माची आणि खेळाची खरी समानता मला इथे दिसते. दोघांनाही माणसं एकत्र उभी करता येतात. हजारोंच्या घशातून एक आवाज काढता येतो. हे फार मोठं आहे, मी ते कमी लेखत नाही. आबांना मी रडताना पाहिलंय. पण एका सुरात गायलेली, एका गोलवर उसळलेली माणसं घरी जाताना पुन्हा आपापल्या पायरीवर जाऊन उभी राहू शकतात, आणि बहुतेक वेळा तसंच घडतं. उधाण ओसरतं. त्याच्यानंतर पंगतीत कोण कुणाशेजारी बसणार, हे उधाण ठरवत नाही. ते कुणीतरी वेगळं बसून, वैर पत्करून ठरवावं लागतं. दुर्खीमने उधाणावर जितकं लिहिलं तितकं त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळवर लिहायला हवं होतं.

कोल्हापूर या बाबतीत नशीबवान ठरलं, कारण खासबाग बांधणाऱ्याच राजाने पंगतीचंही बघितलं. गंगाराम कांबळे हा महार समाजातला तरुण राजवाड्याच्या पदरी होता. सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्याला मारहाण झाली. महाराजांनी त्याला गावात चहाचं दुकान काढून दिलं. तिथे कोण जाणार? म्हणून महाराज स्वतः भर रस्त्यात गाडी थांबवून त्याच्या हातचा चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या सरदार-दरकदारांनाही घ्यायला लावू लागले. पुण्यात बाळूला वेगळ्या भांड्यातला चहा, आणि कोल्हापुरात राजाच्या हातात गंगारामचा कप. पैलवानांना आश्रय देणारे राजे त्या काळी बरेच होते. चहाच्या त्या कपाची किंमत ओळखणारा राजा मला दुसरा सापडत नाही.

एक गोष्ट खेळाला जमत नाही असं मी पुष्कळ वर्षं मानत होते, ती म्हणजे मरणाला सामोरं जाणं. धर्माकडे त्याचं उत्तर असतं, निदान विधी तरी असतो. हरणं म्हणजे मरणाची तालीम, असं कुणी म्हणतं तेव्हा मला ते ओढूनताणून आणल्यासारखं वाटतं. पण आबा गेले त्या पहाटे दारात पहिली आली ती तालमीची पोरं. भटजींना निरोप त्यांनीच दिला. तिरडी बांधणं, पंचगंगेच्या स्मशानात पुढे जाऊन शेणी लावून घेणं, गावाकडून येणाऱ्यांना स्टँडवरून आणणं, सगळं न सांगता झालं. आपल्या स्मशानात शेणीही लोकांनी दिलेल्या असतात. होळी लहान करून शेणीदान करण्यात तालमी पुढे असतात. रक्षाविसर्जनापर्यंत आमच्या घरी चूल पेटली नाही आणि कुणी उपाशीही राहिलं नाही. पिठलंभाताची पातेली वेगवेगळ्या घरांतून येत होती. ती कुठल्या जातीच्या घरची हे त्या तीन दिवसांत कुणी विचारलं नाही. मंडळाच्या एका पोराने आबांच्या उशाशी संघाचा झेंडा ठेवला. आईने तो काढू दिला नाही. तुळशीच्या माळेबरोबर तो झेंडाही गेला. आत्म्याचं पुढे काय होतं हे त्या पोरांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं. पण माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांना धरून ठेवण्याचं जे काम धर्म करतो, ते त्यांनी केलं.

त्या घरात मी तेव्हा थोरली मुलगी होते आणि मला तालमीने आपलं मानलं. तरीही हौद्याच्या आत माझं पाऊल कधी पडलेलं नव्हतं. मायेने मला कधी कमी पडू दिलं नाही आणि आतही कधी येऊ दिलं नाही. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाता यावं म्हणून २०१६ मध्ये आंदोलन पेटलं तेव्हा टीव्हीवर बोलणारी गावची माणसं मला ओळखीची वाटली. त्यातले कित्येक दुष्ट नव्हते. आमच्या वस्तादांसारखेच होते.

मातीतली ही बंदी ढिली झाली ती मॅट आल्यामुळे. मॅटला विटाळ नव्हता, तिच्यामागे शंभर वर्षांच्या समजुती नव्हत्या. मुली आधी मॅटवर उतरल्या, मग हळूहळू मातीकडे वळल्या. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडीच्या खांद्यावर गदा आली. पुरुषांची स्पर्धा १९६१ पासून चालत आलेली. मधल्या साठ वर्षांत किती पोरी उंबऱ्यावर बसून परत गेल्या असतील, याचा विचार आला की मला अस्वस्थ व्हायला होतं.

आमच्या मूळ गावी चैत्रात ग्रामदैवताची जत्रा असते. पहिल्या दिवशी पालखी, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचं मैदान. सुरुवातीला बारक्या पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग इनाम वाढत जातं, आणि शेवटची मोठी जोड दिवस मावळताना. जिंकलेला पैलवान मैदानाला फेरी मारतो आणि लोक हातात नोटा ठेवतात. संध्याकाळी सगळ्या पैलवानांना देवळापुढच्या पटांगणात जेवण, खाली पत्रावळ्या मांडून. आजूबाजूच्या बऱ्याच गावांत आता मुलींच्या कुस्त्या लागतात. आमच्या गावात अजून लागत नाहीत. माझी भाची दोन वर्षांपासून कुस्ती शिकतेय आणि जत्रेला येते ती प्रेक्षक म्हणून.

या वर्षी मी जत्रा कमिटीला पत्र दिलंय. आबांच्या नावाने मुलींच्या एका जोडीचं इनाम मी लावते, आणि ती कुस्ती वेगळ्या मॅटवर न घेता त्याच मैदानात, त्याच मातीत, मोठ्या जोडीच्या आधी घ्यावी. कमिटीतल्या दोघांनी पैशाला लगेच हो म्हटलं. मैदानाचंही बघू म्हणाले. मग मी दुसरी अट सांगितली, की त्या मुलींनी संध्याकाळी पैलवानांच्या पंगतीत बसायचं, बायकांच्या घोळक्यात मागाहून नाही. त्यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. अध्यक्ष म्हणाले, "ताई, कुस्तीचं ठरवू आम्ही, जेवणाचं गावाला विचारावं लागंल." गावसभा पाडव्याच्या आधी आहे, मी जाणार आहे.